मागची बाजू

बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात
एकतीस वर्षांची बिलं आहेत.
इंदूरच्या सराफ्यातलं, हुबळीच्या खानावळीचं,
कोझिकोडला उकड्या तांदळाबरोबर मासा खाल्ला तिथलं,
भुसावळच्या कँटीनचं एक, ज्यात नुसता चहा,
दोनदा.

संपादक म्हणाले, आता स्वतःच्या गावावर लिहा.
बाराशे शब्द. फोटो आमचा माणूस काढेल.
म्हणून काल डबा उघडला.

कार्बनची जांभळी बिलं टिकलीत.
नंतरची, गुळगुळीत कागदाची, सगळी कोरी.
पदार्थ उडाले, भाव उडाले,
हॉटेलांची नावं उडाली.
मागे माझं पेन्सिलीतलं अक्षर तेवढं जसंच्या तसं:

वेटरचा अंगठा भाजलाय, हळद लावलीय.

शेजारच्या टेबलावर सून सासूला मेनू वाचून दाखवते,
भाव कमी करून सांगते.

घरी गेल्यावर मोरीचा नळ.

म्हणजे मी काय जेवले हे आता
कोणालाच सांगता येणार नाही.

प्रत्येक गावात दारातच विचारलंय, एकट्याच?
कानडीत, मल्याळीत, हिंदीत.
शब्द कळायच्या आधी
माझं एक बोट वर जातं.
कोपऱ्यातलं टेबल मिळतं, हात धुवायच्या बेसिनपाशी.
तिथून माणसं छान दिसतात,
चूळ भरताना कोणी खोटं वागत नाही.

नाशकात असं कोणी विचारत नाही.
भद्रकालीत मुरलीधर कोठावदे
मी बाकावर टेकायच्या आत पापड ठेवतो,
मग मटकी, मग काळ्या मसाल्याचा रस्सा,
ज्याची तर्री तो माझ्या वयाकडे बघून
हल्ली अर्धीच घालतो.
म्हटलं, मुरलीधर, तुझ्यावर लिहायचंय.
त्यानं पळी तशीच धरली.
‘नका लिहू, ताई.
गर्दी झाली की
मोड पुरते यायच्या आत मटकी शिजवावी लागते.’
आणि पाव पुढे सरकवला.

एकतीस वर्षांत माझ्या लिहिण्यावर
इतकं नेमकं कोणी बोललं नव्हतं.
दर रविवारी मी अर्धे मोड शिजवलेत.
लोकांनी खाल्ले. पत्रंही आली.

तिथून तांबट गल्लीत गेले.
पूर्वी इथे बोलायला ओरडावं लागायचं,
आता एकच हातोडी चालू होती.
म्हातारबा घंगाळाला मठारत होते,
ठोका, जरा फिरवणं, ठोका.
विचारलं, किती ठोके लागतात?
म्हणाले, मोजले तर वाकडं होतं.
हे लिहून घ्यायला कागद शोधला,
पर्समध्ये फक्त
किराणा दुकानाचं बिल.

मग तिवंध्यावर उभी राहिले.
या रस्त्याच्या खाली रहाड आहे,
दगडी, खोल, फळ्या टाकून वर माती लोटलेली.
वर्षभर तिच्यावरून स्कूटर जातात, वराती जातात,
टोमॅटोचे क्रेट घेऊन टेम्पो जातो.
रंगपंचमीला उघडतात.
फुलांचा उकळलेला रंग ओततात आणि माणसं
कपड्यांसकट धप्पा मारतात.
माझा भाऊ मारायचा.
त्याच्या कानामागे तो रंग आठ-आठ दिवस असायचा,
आई साबणानं घासायची,
मी काठावर उभी, कोरडी, बघत,
एका वहीच्या मागच्या पानावर
काहीतरी लिहीत.

फोन वाजला. संपादक.
किती झालं?
म्हटलं, भिजत घातलंय.
त्यांना वाटलं, थट्टा.

एक मुलगा सायकल थांबवून म्हणाला,
काही पडलं का, मावशी?
नाही रे.
मग काय बघता?
खाली आहे, म्हटलं.

तोही वाकून
डांबराकडे बघत राहिला थोडा वेळ.
मग पायडल मारून
निघून गेला, बरोब्बर तिच्यावरून.