धुक्याचा पडदा

वडसाच्या रद्दीवाल्याकडून आणलेल्या गठ्ठ्यात
एक कॅलेंडर निघालं, तारखा फाटलेलं.
पडवळासारखं लांबट चित्र.
वर डोंगर, खाली डोंगा,
डोंग्यात मुंगीएवढा माणूस,
आणि मधे
काहीच नाही.

कवडू पेंटरनं ते कुडाला ठोकलं
आणि आठ दिवस ब्रशला हात लावला नाही.
राजवाडा, बाग, चौरस्ता, घनदाट जंगल,
बारा वर्षं नाटकांसाठी हेच रंगवलं होतं त्यानं,
काठोकाठ.
बोटभर जागा सुटली तर तिथे मोर.

"चिनी हाय ते," ठवरे मास्तर म्हणाले,
"काजळीनं काढतेत म्हने."

काजळी तर आमच्या गावात घरोघरी होती.
चिमण्यांच्या काचा मी खरवडून आणायचो,
तो ती धावड्याच्या डिंकात घोटायचा
तळहाताएवढ्या पाट्यावर, गोल गोल,
तान्ह्या पोराला मात्रा उगाळावी तसा.
पाणी कमी: येनाचं खोड.
पाणी जास्त: पलीकडची टेकडी.
त्याहून जास्त: टेकडीमागची टेकडी,
आमच्या अंगणातून जी
कधी असते, कधी नसते.
शिंदीच्या काड्या चावून चावून कुंचले केले,
त्याचे दात काळे झाले.

एक गोष्ट मात्र त्याला उलगडली नाही.
कॅलेंडरच्या कोपऱ्यात लाल चौकोन होता.
घर म्हणावं तर डोंगराच्याही वर,
सूर्य म्हणावा तर चौकोनी.
"पोस्टाचा शिक्का असन," मी म्हणालो.
त्यानं तेवढा कोपरा सोडून दिला.

मंडईच्या चार दिवस आधी
कंपनीचे मालक नाकाडे आले, खर्रा घोटत.
अंगणात पसरलेल्या पडद्याच्या कडेकडेनं
या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले.
"एवढा कपडा कोरा काहून ठेवला गा?"
"तिथं पानी हाय."
"अन् याच्या वरतं?"
"तिथं धुकं हाय."
"मंग मी बी अर्ध्या पैशाचं धुकंच देतो."
आणि खरंच अर्धे दिले.

रात्री एकच्या सुमाराला, दुसऱ्या अंकात,
बापाला शोधत पोरगी तलावावर येते, तो प्रवेश.
मी दोर सोडला.
टेकड्या उतरल्या,
मग मागची फिकी टेकडी,
आणि तिथेच बांबू अडकला.
हॅलोजनच्या उजेडात
नुसतं मांजरपाट.

तणसावर बसलेलं अख्खं गाव.
ऑर्गनवाल्यानं एकच सूर धरून ठेवलेला.
मी दोर ओढतोय, थंडीत घाम फुटलाय,
आता शिट्या येतील, आता चपला.

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं
पोराच्या कानावर लुगड्याचा पदर ओढला.
"बांधावर धुकं पडलं वाटते," म्हणाली.
मागे कुणी खोकलं.
कुणी विडी विझवली.
किती वेळ गेला, मला सांगता येणार नाही.
मग हिसका बसून बांबू सुटला
आणि खाली, अगदी खाली,
डोंगा आला.

पहाटे पडदा गुंडाळताना पाहतो तर
विंगेतून जाता जाता खलनायकानं
त्या सोडलेल्या कोपऱ्यात
पानाची पिंक टाकली होती.
मी ओला फडका घेऊन धावलो.
कवडूनं माझं मनगट धरलं.
कंदील जवळ नेला, डोळे बारीक केले,
आणि हसत राहिला, काळ्या दातांनी, बराच वेळ.
"राहू दे," म्हणाला.

बाहेर टेम्पो काही केल्या सुरू होत नव्हता.
पुढचं गाव चौदा कोस होतं
आणि रस्ता पहिल्या मोहाच्या झाडापर्यंतच दिसत होता.