सगळ्यात लांबचं चाक आधी

पाटबंधारे खात्याच्या लिलावात घेतली
तेव्हा टपाला भोकं होती आणि बॅटरीच्या जागी
चिमणीचं जुनं घरटं.
मॉडेल चौऱ्याहत्तर. माझ्याहून दोन वर्षांनी थोरली.

शिरोलीच्या गॅरेजात पाच महिने राहिली.
मेस्त्री माझ्याकडं न बघता माझ्या भावाला सांगायचा,
"ताईंना म्हणावं, होतंय, जरा दमानं."
परत आली ती तोच आवाज घेऊन,
वर नवा रंग.
त्या आठवड्यात मी पाने घेतले,
आणि बावड्यात, घरामागच्या गोठ्यात,
म्हशी विकल्यापासून जिथं नुसता वास उरलाय,
पोतं अंथरून तिच्याखाली शिरले.

खालून गाडी वेगळीच दिसते.
वरचा हिरवा रंग तिथवर कुणी पोचवलेला नाही.
राधानगरीची तांबडी माती, तिच्यावर ग्रीस,
ग्रीसवर पुन्हा माती.
खरवडत गेले तर चॅसीवर खिळ्यानं कोरलेलं:
पाटा बदलला. धोंडी. ८१.
धोंडी, पाटा अजून शाबूत आहे.

डाव्या चाकाच्या नटानं दोन रविवार रडवलं.
पान्याला पाइप लावला, पाइपावर उभी राहिले,
डिझेल पाजलं, शिव्या पाजल्या.
शेवटी बोल्ट कटकन तुटला
आणि हातात आलेल्या टोकावर, चिंधीनं पुसल्यावर,
बारीक एक अक्षर: एल.
या गाडीच्या डाव्या अंगाचे आटे उलटे.
म्हणजे जे सोडायचं होतं ते मी दोन रविवार
जीव खाऊन आवळत होते.
यावरून मला कुणी काही शिकवायला येऊ नये.
मला फक्त बोल्ट हवा होता.

तो उद्यमनगरात, जिनाप्पा चौगुल्यांच्या लेथवर.
दिवस बुडायच्या आत जेवतात, म्हणून साडेपाचला शटर.
मी पाच वाजता पोचले.
त्यांनी तुकडा उजेडात धरला, नखानं आटे मोजले,
"डावखुरं हाय की हे," म्हणाले,
आणि जेवण पुढं ढकललं नाही, पण हात भरभर चालवला.
निळा कुरळा चुरा पायाशी पडत राहिला.

राहिला ब्रेक.
नळीतली हवा काढायला माणसं दोन लागतात.
एकानं पेडल दाबायचं, एकानं खाली निपल सोडायचा.
शेजारचे दस्तगीर मुजावर आले, एसटीतून रिटायर,
चौतीस वर्षं कोल्हापूर ते गगनबावडा, कंडक्टर.
चढताना चपला बाहेर काढल्या.
"ह्या सीटवर कधी बसलोच न्हाई की ओ."
स्टिअरिंगला शिवले नाहीत. हात मांडीवर.

ऐकू कमी येतं त्यांना, म्हणून ठरलं,
मी खालून पान्यानं ठोकायचं.
एक टोला, दाबून धरा. दोन टोले, सोडा.
ते हसले. "ही भाषा येती मला."

सगळ्यात लांबचं चाक आधी.
टण्.
काळं ब्रेक ऑइल आलं, त्यात बुडबुडे.
टण् टण्.
पुन्हा बुडबुडे, पुन्हा टण्,
कोपरापर्यंत ओघळ, डोळ्यात माती,
वरून त्यांच्या पायाचा दाब नळीतून
माझ्या बोटाशी येऊन थांबायचा.
चौथ्या चाकाला बाटलीतलं तेल नितळ झालं.
"आता पाय खाली जाईना," वरून आवाज,
"खाली दगड लागलाय बघा."
दगड नव्हता, काका.

संध्याकाळी वाघबिळाच्या उतारावर
ते डावीकडं बसले, समोरची दांडी धरून.
वळण आलं. मी पाय उचलायच्या आधीच
त्यांनी पत्र्यावर एक टोला मारला.
थांबली. डावीकडं जरा ओढत, पण थांबली.
"डावं चाक परत खोलाय लागतंय," मी म्हणाले.
"खोलू."
खाली शहरात दिवे लागत होते.
इंजिन धडधडत होतं, तोच जुना आवाज, अजून सापडलेला नाही.
त्यांनी मान वळवून मागं पाहिलं,
कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही.
दोन टोले.