शहाळ्यांनी मोजलेलं अंतर

अगाथा नर्स आमच्या वरच्या खोलीत राहते, नंदनवनात.
मेयोत रात्रपाळी, दिवसा झोप, कूलरचं पाणी स्वतः भरते.
मी रिटायर्ड भूमापक. चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या शेतात साखळी ओढली,
म्हणून पहिल्याच दिवशी विचारलं,
तुमचं बेट केवढं जी? किती एकर?

ती हसली. आमच्याकडे वाट शहाळ्यांनी मोजतात, म्हणाली.
आजीच्या घरून खाडी दोन शहाळी,
चर्च एक, कडक उन्हात दीड.

बाकीचं हप्त्याहप्त्यानं, अंबाडी निवडता निवडता:
बरमी गलबतं नारळ न्यायची, कोयते आणि लाल कापड द्यायची.
कोणी झेंडा लावला, तापानं मेले, झेंडा गेला, दुसरा आला.
लढाईत जपान्यांनी आजोबाला धावपट्टी खणायला जुंपलं.
आजोबा मरेपर्यंत डुकरं जपानी आकड्यांत मोजायचे.

त्या डिसेंबरबद्दल ती एकच वाक्य बोलते:
"पाणी आधी मागं गेलं, म्हणून पोरं मासे वेचायला धावली."

बेटाचे तीन तुकडे झाले.
तिच्याजवळच्या नकाशात अजून एकच आहे,
गाव आहे, विहीर आहे, विहिरीला नंबर आहे.
माझा हात शिवशिवला.
नाल्यानं शेताचा कोपरा खाल्ला
की आम्ही लाल शाईनं लिहायचो, पोटखराब.
एवढ्या समुद्राला
कोणत्या रकान्यात घालायचं?

"काहून आल्या बाई इतक्या दूर?" आमच्या हिनं विचारलं.
"फॉर्मवर चेन्नई होतं, विशाखापट्टणम होतं.
मी बोट ठेवलं
जिथून निळं सगळ्यांत लांब."

शून्य मैलाच्या खांबापाशी नेलं तिला.
दगडी घोडे पाहिले, गावांची नावं बोटानं वाचली,
खाली वाकून, मागून फिरून, पुन्हा एकदा.
फुटाळ्याला एकदाच आली,
तलावाकडे पाठ करून भुट्टा खाल्ला.

काल पारा शेहेचाळीस.
शंकरनगरच्या चौकात स्कूटर थांबवायला लावली,
शहाळं घेतलं, उभ्यानंच प्यायली,
मलई खरवडून खाल्ली.
घर अजून किती, विचारलं.
मी सवयीनं बोललो, सहा किलोमीटर, थोडं कमीच.
तिनं मान हलवली,
आणि शहाळेवाल्याला म्हणाली,
अजून एक फोड.