तीन नद्या आणि एक चिबूड

आजीला रस्ते आठवत नाहीत.
वास्को ते कोरगाव, चवथीच्या आदल्या दिवशी,
सोळा वर्षं लागोपाठ गेली,
पण विचारलं तर सांगते फक्त
त्या वर्षी मांडीवर काय होतं ते.

एकदा हंडा, कल्हई करून आणलेला,
आणि हंड्यात माझे बाबा, दीड वर्षांचे, झोपलेले.
एकदा शेजारच्या फिलोमेनानं माटोळीसाठी दिलेला नीरफणस,
"तुमच्या गणपतीला माझ्या अंगणातला."
देठातून चीक गळत होता. लुगड्यावरचा डाग
अजून आहे म्हणते. लुगडं मात्र नाही.

खिडकी नेहमी दुसऱ्या कुणाला तरी.
आजोबा बंदरातले कारकून, त्यांना बस लागायची,
म्हणून त्यांना. मग मंदाआत्याला.
मग रत्नाकरकाकाला, पण तो बाहेर थुंकायचा.
आजी मधोमध, वजन सांभाळत.
झुआरी तिला ठाऊक ती डिझेलच्या वासानं,
मांडवी भजीवाल्याच्या हाकेनं,
आणि शापोरा
पायाखालच्या फळीची थरथर टाचेत शिरायची, तेवढीच.

त्या एका वर्षी शिवोलीला फेरी थांबली.
पाणी चढलेलं, लाल, अख्खी झाडं वाहत होती.
खलाशी म्हणाला, आज काही नाही.
पलीकडे चोपड्याच्या काठावर एक कंदील हलत होता,
तो मामंजींचा, अशी सगळ्यांची समजूत.
तिकिटाच्या खोपीत रात्र काढली.
पोरं भुकेली. नेवऱ्यांचा डबा देवाचा,
त्याला हात लावायचा नाही.
मांडीवर चिबूड होता,
माटोळीच्या मधोमध बांधायचा,
आणि त्याचा वास तर खोपीत मावत नव्हता.
आजोबा घोरायला लागल्यावर
तिनं तो छत्रीच्या टोकानं फोडला.
पोरांना दिला. बिया नदीत.
"आणि तू?" मी विचारते दर वेळी.
"मी साल चाटली," म्हणते दर वेळी
आणि नजर चुकवते.

उजाडता फेरी लागली. पलीकडे कुणीच नव्हतं.
घरी माटोळी भरत आलेली,
कांगलां, घागऱ्या, तोरिंगं, आंबाडे,
मधे एक दोरी रिकामी लोंबत.
सासूनं सुनेची मांडी पाहिली.
मग नातवंडांची तोंडं हुंगली, एकेकाचं.
बोलली काही नाही.
परसात जाऊन एक दोडका घेऊन आली,
त्या दोरीला बांधला, गाठ आवळली.
"यंदा देवाला दोडका हवा होता."

त्यानंतर ती बाई होती तोवर दर चवथीला मधोमध दोडका.
ती गेल्यावरही.
आता त्या घरातली नवी सून पाहुण्यांना सांगते,
आमच्याकडे तशी परंपराच आहे,
आणि आजी पदर तोंडाला लावते.

यंदा आम्ही गाडीनं निघालो. खिडकी आजीला.
झुआरीवर नवा पूल, उंच, तारांनी तोललेला.
बघ ना, म्हटलं.
पाहिलं तिनं. मग हात मांडीवर फिरवत राहिली,
काहीतरी मागे विसरल्यासारखी.
"मांडयेर कितें तरी दी गो."
पर्स दिली. हलकी, म्हणाली.
शाल दिली. ती तिनं सर्वेशच्या खांद्यावर टाकली,
गाडी चालवणाऱ्याला थंडी वाजते म्हणून.

म्हापशाच्या पुढे एक बाई चिबूड मांडून बसलेली.
मी त्यातला सगळ्यात जड उचलला.
तो मांडीवर आल्यावर आजी पहिल्यांदा नीट टेकून बसली,
आणि पहिल्यांदाच, खिडकीबाहेर बघू लागली.

शिवोलीचा पूल. दोन मिनिटांची नदी.
उतरणीला लागलो तशी तिनं देठापाशी नाक नेलं,
डोळे मिटले,
सर्वेशला म्हणाली, बाजूला घे जरा,
आणि मला, हळूच,
"सुरी आसा गो?"