मोजा

सूर गावातल्या सरकारी कला विद्यालयात मी सुतार.
कागदावर देखभाल कर्मचारी, श्रेणी तीन.
बाकं, इझलचे मोडके पाय,
नाटकातले दरवाजे, जे कुठेच उघडत नाहीत,
आणि लांब व्हरांड्यात
शिकून गेलेल्या मुलांच्या तसबिरी.

तीस बाय चाळीस. मुख्याध्यापिका जवाहिरबाईंचा नियम:
यश केवढंही असो, चौकट एकच.
एकजण मस्कतला वाद्यवृंदात चेलो वाजवतो.
एकीला सुलेखनाचं बक्षीस, परदेशात कुठेतरी.
एकजण नुसता हसतोय; त्यानं काय केलं
ते खाली अरबीत लिहिलंय.
बारा वर्षं झाली, विचारायचं राहिलंय.

प्रवेश मार्चमध्ये. दोनशे अकरा मुलं, जागा बत्तीस.
बाप गाडीत एसी लावून बसलेले,
आया खिडकीच्या जाळीला नाक लावून.
त्या वर्षी टेबलावर एक शंख ठेवला होता,
तीन तास, काढा.
अर्ध्या तासात एक मुलगी माझ्या शेडमध्ये,
हातात मोडकी पेन्सिल.
मी पटाशीनं टोक काढून दिलं. सुतारी टोक, लांब,
कागदाला बोचणारं.
नाव विचारलं.
म्हणाली, मोझा.
मला ऐकू आलं मोजा,
आणि हात आपोआप टेपकडे गेला.

यादी काचेवर लागली. उजवीकडून वाचायची.
ती तेहतिसावी.
रोज दुपारी यायची, तीच यादी वाचायची,
जणू एखादं नाव उन्हानं विटून जाईल.
मग एका मुलाच्या बापाची सोहारला बदली झाली.
त्या मुलाची तसबीर भिंतीवर नाही.
नाव गालिब, आडनाव विसरलो.
कधी कधी वाटतं, पहिली त्याचीच लावावी.

तीन वर्षं ती चित्राच्या वर्गात कमी,
माझ्या भुशात जास्त.
ह्याला तुमच्याकडे काय म्हणतात? रंधा.
ह्याला? गुण्या.
ह्याला? पाचर.
र तिच्या तोंडात गोल फिरायचा.
तिचा आजा खाडीवर गलबतं बांधायचा, म्हणाली,
लाकूड तुमच्या बाजूनं यायचं.
असेल. आमच्या बाजूनं बरंच काही येतं.

माझी शर्वाणी कुडाळला, दहावीत.
रात्री फोनवर चित्रं पाठवते,
कोंबडा, गॅसची टाकी, आजीचे पाय.
इथल्या अर्जात तिच्यासाठी रकाना नाही.
तक्रार नाही. शाळा त्यांची, मुलं त्यांची.
परवा तिनं विचारलं, बाबा, तुमची भिंत किती लांब?
मी सांगितलं, सत्तावीस मीटर,
आणि अजून अर्धी रिकामी.
ती बराच वेळ टाइप करत राहिली.
आलं काहीच नाही.

आज मोझाचा फोटो आला.
कुठल्याशा मोठ्या शहरातलं मोठं दालन,
मध्ये होडी, फळ्या नसलेली, नुसत्या फासळ्या,
आणि शेजारी ती, डोक्यावर तोच हिरवा रुमाल,
चेहरा दंतवैद्याकडे बसल्यासारखा.
मी आधी सांधे पाहिले.
तिसऱ्या फासळीतली पाचर उलटी आहे.
मी सुलटी शिकवली होती.
चुकली, की मुद्दाम?
ही गोष्ट कुठल्या अरबीत विचारू?

आणि फोटो लांबट. तीस बाय चाळीसमध्ये बसत नाही.
बाईंनी पाहिला, चष्मा वर केला,
कडेचं थोडं काप, म्हणाल्या.
कडेला होडीचं पुढचं टोक आहे.
आमच्याकडे त्याला नाळ म्हणतात.

शुक्रवार. शाळा बंद, शेडमध्ये पंखा,
बाहेर समुद्र ऊन परतवून लावतोय.
सागाची पट्टी ठेवलीय, पेन्सिल कानामागे.
तीस बाय सेहेचाळीस.
बाई ओळीत पाहतील, किंवा पाहणार नाहीत.
मी पुन्हा एकदा मोजतो.