केसभर मागे

त्या हिवाळ्यात नई सडकच्या सैफींनी
चुकीच्या गोळ्या पाठवल्या.
मागवल्या होत्या जड, लांब;
आल्या त्या हलक्या, ठेंगण्या,
चिंचोक्याहून जरा मोठ्या.
बदलायच्या तर परवान्यावर पुन्हा नोंद,
नोंदीला कचेरी, कचेरीला दोन महिने,
आणि स्पर्धा संक्रांतीनंतरच्या रविवारी.

बाबा म्हणाले, हलक्या तर हलक्या.
पण पलटणीच्या बंदुका तीस वर्षं दुरुस्त केलेले
त्यांचे हात तेव्हा
बशीतल्या चहावर लाटा उठवत.
म्हणून काडतुसं भरायला आई बसली.

आई सराफ्यातल्या दुसान्यांची.
माहेरचा तराजू तिच्याजवळ होता,
गुंजा होत्या, लाल, काळ्या टोपीच्या.
आमच्या घरी तोलण्याजोगं सोनं नव्हतं.
आता ती दारू तोलू लागली.
"सोनाराच्या पोरीच्या हाती दारू!" बाबा हसायचे.
ती हसत नसे.
पारड्याला श्वाससुद्धा लागतो.

खाणीमागच्या रेंजवर मी पहिल्या पाच झाडल्या.
कागदावर भोकं
फोडणीतून उडालेल्या मोहरीसारखी.
मी रायफलला शिव्या दिल्या, मग धुक्याला.
आईनं कागद उन्हाकडे धरला,
खूप वेळ धरला.
"हिला उडी फार पडते आहे," म्हणाली.

रात्री तिनं एक काडतुसाचं सोंग केलं,
आत दारू नाही, बुडाला टिकली नाही.
गोळी बाहेरच ठेवली, लांब,
चिमणीवर धरून काजळली.
बोल्ट हळूच लावला, हळूच ओढला.
काजळीवर चार बारीक रेघा,
नळीतल्या आट्यांनी तिला शिवलं होतं तिथं.

बाबा खूश. "इथंच बसव. टेकून."
आईनं गोळी चिमटीत धरून हलवली.
टरफलाच्या मानेत ती उरली होती
नखातल्या चंद्राएवढी.
"ही खिशातच गळेल.
लांब गोळीचं एक टोक घरात, एक दारात, तिला जमतं.
हिचं अंगच तेवढं नाही."
"मग?"
"मान धरेल तितकी आत.
उरलेलं तिनं उडावं.
पण सगळ्यांनी सारखंच."

बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

हिशेबाच्या वहीत, दूधवाल्याच्या खाली,
तिच्या अक्षरात अजून आहे:
मंगळवार. पाव फेरा आत. वाईट.
बुध. आणखी पाव. बरं.
गुरुवार. फार खोल. टिकली चेपटली, बोल्ट जड. उरलेली फोडली.
शुक्र. केसभर मागे.

शनिवारी तिनं कपाळाची टिकली काढून
कागदावर चिकटवली.
चार भोकं झाकली. पाचवं बाहेर.
"ते माझं नाही," म्हणाली, "ते तुझं."

स्पर्धेत मी सातवी आले.
बाबांनी शेजारी सांगितलं, दुसरी.

पुढे माझं लग्न ठरलं तेव्हा
कमलमावशी म्हणाली, बघ ना, पोरीचंही तसंच,
मानेनं धरावं तेवढंच...
आईनं तिला मधेच थांबवलं.
"गोळीची गोष्ट आहे. गोळीचीच राहू दे."

बाबा गेल्यावर रायफल ठाण्यात जमा झाली,
तराजू भावाकडे.
माझ्याकडे मुरैन्याच्या गजकचा डबा
आणि त्यात ते सोंग,
पोटात काही नसलेलं.
परवा कागदात गुंडाळलेलं सोडलं,
अंगठ्याला काजळी लागली.
ओढून पाहिली गोळी.
हलली नाही.