खड्डा हातोहात

रविवारी साडेआठ, चर्चसमोर,
अकरा सायकली आणि मी,
शेचाळिसाव्या वर्षी उसनं हेल्मेट घालून,
एकोणीस वर्षांनी पुन्हा वाकड्या हँडलवर.

सांगलीला असताना शर्यती मारायचे.
एक कप आहे, त्यात आई सुया ठेवते.
एवढंच सांगायचं होतं मोडक्या फ्लेमिशमध्ये,
पाठ करून आले होते.

पण माझ्याकडे कुणी बघतच नव्हतं.
सगळे बघत होते सायकलकडे.
निळी, स्टीलची, एका बाईंकडून दोनशे युरोला घेतलेली,
पोटमाळ्यावरून आम्ही दोघींनीच उतरवलेली.
बाईंनी वर एक पंप दिला,
आणि पिशवीभर पेअर, जरा दबलेले.

नॉर्बर्ट पुढे आला. निवृत्त बेकर,
हात अजून पीठ मळल्यासारखे मऊ.
दांडीवरच्या पोच्यावर त्याने अंगठा ठेवला,
नेमका, न शोधता.
"विल्फ्रीड," म्हणाला.
मग पोचा कसा पडला ते सगळे एकदमच सांगू लागले.
समोर गाय आली होती की पाद्री,
यावर त्यांचं अजून एकमत नाही.

बुटका होता म्हणे.
मी सीट दोन बोटं वर घेतली होती,
तशी नळीवरची जुनी रेघ उघडी पडली होती:
इथवर विल्फ्रीड.

निघालो. जोडीजोडीने, कोपराला कोपर.
मला तिसऱ्या ओळीत घातलं, डावीकडे.
ती जागा रिकामी का होती, विचारलं नाही.

शेल्ड नदीच्या काठी वारा आडवा.
भांडखोर नाही, चिकट.
लीकच्या शेतांवरून शेणखताचा वास घेऊन येतो
आणि पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही.
ओळ तिरकी होते, पंख्यासारखी उलगडते,
ज्याने त्याने पुढच्याचा आडोसा धरायचा.
मी बदकं बघत राहिले. आडोसा सुटला.
दोन मीटर म्हणजे किती
ते त्या दिवशी मांड्यांना कळलं.

तीन महिने वर्गात 'हे टेबल आहे' शिकले.
इथे तासाभरात:
पुट, खड्डा.
आख्तर, मागून गाडी.
तेखेन, समोरून.
पाल्ट्ये, रस्त्यात खांब, सांभाळ.
आणि वाऱ्यात शब्द उडाला तर हात.
पुढचा हात पाठीमागे नेतो, बोट खाली,
त्याच्या मागचा तेच करतो,
खड्डा हातोहात मागे येतो.
शेवटच्यापर्यंत पोचेतो
तो कुणा एकाचा राहत नाही.

मग चढ, त्यावर गोल पाठीचे दगड.
दात वाजले, बाटली उडाली,
खोदेलीव्ह, वय एकाहत्तर, शेजारून गप्पा मारत गेली.
सायकलीला हा रस्ता पाठ असेल असं वाटलं.
मग वाटणंही थांबलं, नुसती धाप.
तेव्हा कमरेच्या वर एक तळहात टेकला.
ढकललं म्हणावं असं नाही.
टेकला, पुलापर्यंत राहिला,
आणि कसलाही हिशेब न ठेवता निघून गेला.

बारमध्ये साडेअकराला त्यांची बिअर, माझी कॉफी.
तेव्हा आठवलं पाठ केलेलं.
शर्यतीचं सांगितलं, कपाचं सांगितलं.
"सुया?" योस्टने विचारलं.
"सुया."
जिंकण्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.
कप अजून कामाला आहे, एवढ्यावर सगळे खूश.

परतताना एकेक जण आपापल्या वळणाला गळत गेला.
माझ्या गल्लीत मी एकटीच वळले,
पोटरीवर चेनच्या काळ्या तेलाचा शिक्का.
गटाराचं झाकण खचलेलं, रोजचंच.
हात आपसूक पाठीमागे गेला, बोट खाली.

मागे कुणी नव्हतं.
"पुट," तरी म्हणाले,
जरा मोठ्यानेच.